एका बाजूची शेळी

मामा, शेवटच्या दिवसांत तुमचं नेमकं कुठं दुखत होतं, हे मला अजून माहीत नाही. काल तांड्यावर तुमच्या दिवसांच्या जेवणाला जाऊन आलो. तुमच्या थोरल्याला विचारलं, तर म्हणाला, "पोटात दुखतंय म्हणायचे." पोटात म्हणजे कुठं? वर की खाली, डावीकडं की उजवीकडं? त्याला सांगता येईना. मला त्याचा रागच आला. मग आठवलं, सहा महिन्यांमागं हिंगोलीच्या बसस्टँडवर तुम्ही भेटला होतात. कमरेत वाकलेले, एका हातानं सदरा पोटाशी धरलेला. मी "काय मामा, बरंय ना?" एवढं विचारून गाडीत चढलो. तुम्ही म्हणालात, "बरं हाय, सायेब." मी जनावरांचा डॉक्टर. मुकं जनावर कसं उभं राहतं यावरून त्याचं दुखणं ओळखायचं, हेच माझं काम. आणि तुम्ही समोर तसे उभे असताना मी खिडकीची जागा मिळतेय का ते बघत होतो.

आज रजा टाकलीय. थकलोय मामा, आणि हा थकवा कालच्या जीपचा नाही. काल तिथं जे झालं ते तुम्हाला सांगायचंय, पण ते एकदम सांगता येणार नाही. तुम्हीच म्हणायचात, जनावराला हात लावायचा तर मानेपासून लावावा, एकदम दुखऱ्या जागी जाऊ नये. तसंच करतो.

बाळापूरच्या दवाखान्यात मी रुजू झालो तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आपले कागद परभणीला जायचे. मी नांदेडात वाढलेला, पायात बूट, खिशात दोन पेनं. दोन खोल्या, पुढं ओसरी, अंगणात जनावर अडकवायचा खोडा आणि तुम्ही. कागदावर परिचर थावरू राठोड. सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी आली, शेळी न आणता. शेळी उठतच नव्हती, आणणार कशी? मी विचारलं, "कुठं दुखतंय तिचं?" म्हातारी इकडं बघ, तिकडं बघ. दाराकडं बोट नेलं, मग टेबलाकडं नेलं, मग हात पदरात घेतला. मी चिडलो. म्हटलं, "अहो, स्वतःच्या अंगावर दाखवा ना, खांद्याला आहे की पाठीला!" ती दोन पावलं मागं सरकली.

मला कळायला हवं होतं. माझी आईसुद्धा कुणाच्या गळवाची गोष्ट सांगताना "इथं" म्हणून स्वतःला हात लावायची नाही. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवलं तर ते आपल्याला लागतं, हे काय एका तांड्याचं आहे? पण कॉलेजात पाच वर्षं काढली की घरचं आधी विसरतं.

तुम्ही झाडू बाजूला ठेवलात आणि ओसरीवर चारी पायांवर उभे राहिलात. गुडघे टेकून नाही हां, तळवे आणि चवडे टेकून, पाठ सरळ, मान खाली. "ह्या, याडी. मी शेळी. दावा कुठं हाय ते." याडी म्हणजे तुमच्या बोलीत आई. म्हातारी हसली नाही, लाजली नाही. वाकली आणि तुमच्या खांद्यामागं दोन बोटं ठेवली, हळू, जशी खऱ्या शेळीवर ठेवावीत. खालून तुमचा आवाज आला, "फऱ्यामागं, सायेब, डाव्या अंगाला. लिवा." मी लिहिलं.

ती गेल्यावर मी विचारलं, "मामा, हे सगळ्यांचं दुखणं तुम्हाला नाही लागत?"

"माझ्या अंगावर लई जागा हाय, सायेब."

तेव्हापासून मी तुमच्या अंगावर शिकलो. पुस्तकातली नावं मला पाठ होती, पण इथलं माणूस काय म्हणतं ते येत नव्हतं. मुस्कट, मानगूट, फरा, कूस, खुबा, पुठ्ठा. कास कुठं संपते आणि सड कुठं सुरू होतो, यावर तुम्ही एकदा मला अर्धा तास झाडलं होतं. कोंबडीच्या चोचीखाली लोंबणाऱ्या तांबड्या कातड्याला तुम्ही डूल म्हणायचात. हा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकला नाही, तुमचाच असावा. कुत्र्याच्या पायाला आतल्या बाजूनं जमिनीला न टेकणारी एक सुटी नखी असते, ती तुमच्या भाषेत 'फुकटचं नख'. मी ते एकदा रजिस्टरात तसंच लिहून बसलो आणि खाडाखोड करावी लागली. तुम्हाला केवढं हसू आलं होतं!

आणि तो टाचेचा वाद. मामा, तो तर राहूनच गेला.

बँकेतल्या साहेबांच्या मिसेस त्यांचा पामेरियन घेऊन आल्या होत्या. पांढराशुभ्र, टफी नावाचा. तेव्हा बाळापुरात असला कुत्रा बघायला रस्त्यावरची माणसं आत यायची. बाई म्हणाल्या, "टफीच्या हाताला काही नाही, मागच्या गुडघ्याला लागलंय." तुम्ही सवयीनं खाली वाकू लागलात तशा त्या दचकून खुर्चीमागं गेल्या. टफी समोर असताना तुमची गरजच नव्हती, पण तुम्हाला कोण सांगणार? मी पाय बघितला आणि शहाणपणा केला. म्हटलं, "मॅडम, तो हात नाही, पुढचा पाय. आणि हा उलटा दिसतो तो गुडघा नव्हे, ही टाच. गुडघा वर आहे, मांडीपाशी." बाईंना राग आला, तो मी समजू शकतो. पण त्यांच्यापेक्षा जास्त तुम्हाला आला. त्या गेल्यावर तुम्ही झाडू आपटत म्हणालात, "जी भुईला लागत न्हाई ती कसली टाच हो?"

मी समजावलं. कुत्रं, मांजर जन्मभर चवड्यावर चालतं, टाच अधांतरीच असते. शेळी तर नखावर चालते, तिचं खूर म्हणजे नखच. कोंबडीचा गुडघा पिसांत असतो, आपल्याला दिसते ती तिची टाच. तुम्ही ऐकून घेतलं आणि मान हलवली, नाहीची. चार-सहा महिन्यांनी कुणीतरी करडाचा पाय दाखवायला आलं की पुन्हा तेच. एकदा तुम्ही चारी पायांवर उभे असताना मी मागून तुमच्या टाचेवर पेन टेकवलं. "ही बघा मामा, वर आहे की नाही? लागतेय का भुईला?" खालूनच उत्तर आलं, "ही माझी हाय, सायेब. कुत्र्याची न्हाई." समोरचा शेतकरी पोट धरून हसला.

ते दिवस बरे होते. मीच त्यांची माती केली.

वरून एक साहेब तपासणीला आले. नेमके तुम्ही ओसरीवर शेळी झालेले, आणि एक माणूस तुमच्या पुठ्ठ्यावर थाप मारून "हितं, हितं" म्हणत होता. साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. जीपमध्ये बसताना म्हणाले, "तुमच्याकडं सर्कस चांगली चालते." माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. जीप गेल्यावर मी सगळं तुमच्यावर काढलं. "मामा, उद्यापासून हे बंद. सरकारी दवाखाना आहे, तमाशा नाही." तुम्ही तळहाताची धूळ धोतराला पुसलीत आणि बरं म्हणालात.

मग मी बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला बसवून तक्ता करून घेतला. पुस्तकातली चित्रं समोर ठेवली. वर शेळी, मध्ये कुत्रं, खाली कोंबडी. प्रत्येक अवयवापासून रेघ, रेघेच्या टोकाला नाव. नावं मात्र तुमचीच घातली, फरा आणि खुबा आणि सगळं. डूलसुद्धा. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिलात. तुम्हाला वाचता यायचं नाही, पण रेघा कुठं जातात ते बघत होतात.

"सायेब, तुमच्या शेळीला एकच बाजू हाय."

पुस्तकात सगळी जनावरं डावीकडं तोंड करून उभी असतात, त्यामुळं दिसते ती डावी कूस. मी म्हणालो, "दुसरी पलीकडं आहे, भिंतीकडं."

"मंग भितीकडून दुखलं तर?"

मी हसलो मामा. "वाद नका घालू, सिरिंजा उकळायला टाका," असं म्हणालो. हे वाक्य मला शब्दाला शब्द आठवतं, आणि आठवायला नको असतं.

लोकांना तक्ता आवडला. चित्रावर बोट ठेवायला कुणाला भीती नाही, चित्राला काय लागणार? त्या हिवाळ्यात, ज्वारी खळ्यावर आली होती तेव्हा, तुमच्याच तांड्यावरची चांदीबाई आली. तुम्ही लस घेऊन वारंगा गावी गेला होतात. तिची शेळी कालपासून खात नव्हती, दात खात होती. "हितं टणक लागून राहिलं, हात लावू देत न्हाई," म्हणत तिनं तक्त्यावरच्या शेळीच्या कुशीवर तळहात ठेवला. डावी कूस टणक, खळ्याचे दिवस. दाणे जास्त खाल्ले असणार, दुसरं काय? मी विचारलं, "गाभण आहे का?" ती म्हणाली, "हाय, पर येळ हाय अजून. बाजारातून घेतली, दिस बराबर ठाव न्हाईत." दिवस ठाऊक नाहीत म्हटल्यावर तरी मी उठायला हवं होतं. दारात पाच-सहा माणसं उभी होती. मी पोटाची पावडर दिली, तेल पाजायला सांगितलं, चालती ठेवा म्हणालो.

संध्याकाळी तुम्ही आलात, मी सांगितलं, आणि तुम्ही पाणीसुद्धा न पिता सायकलवर तसेच तांड्यावर गेलात. सकाळी दारात उभे. "उजव्या अंगाला व्हतं, सायेब. दोन लेकरं व्हती पोटात, एक आडवं. तिला दिसभर चालवलं. मी पोचलो तवा लई येळ झाला व्हता." शेळी पहाटेच गेली होती.

शेळीचं चाऱ्याचं पोट डाव्या कुशीला, पिल्लं उजव्या. डावी कूस असती तर दाणा, उजवी असती तर मी हातातलं टाकून तांड्यावर आलो असतो. करडू आडवं असलं तरी वेळेत सोडवता येतं, निदान शेळी वाचते. हे तुम्हालाही माहीत होतं. मी म्हणालो, "तिनं डावी दाखवली." तुम्ही तक्त्याकडं बघितलंत.

दोन दिवसांनी चांदीबाई आली. भांडायला नाही, नुसती विचारायला, काहून झालं असं? आणि मी, मामा, तुमच्या देखत, त्या बाईला म्हणालो, "तुम्ही बाजू चुकीची दाखवली. आणि आलात पण उशिरा." ती म्हणाली, "मला काय कळतंय, सायेब." तुम्ही तिला बाहेर घेऊन गेलात. ओसरीच्या कडेला उभं राहून तुम्ही तिच्याशी तुमच्या बोलीत काहीतरी बोलत होतात. मला ती बोली येत नाही. मी समजलो, तिची समजूत काढताय.

दुसऱ्या दिवशी एक माणूस आला, आणि तुम्ही न विचारता ओसरीवर चारी पायांवर उभे राहिलात. मी आतून बघितलं, अडवलं नाही. तक्ता भिंतीवर तसाच राहिला. मी काढला नाही, तुम्ही त्याला झाडूसुद्धा लावला नाही. त्यावर धूळ बसली, कोंबडीचा रंग उडाला. माझी बदली होईपर्यंत आपण रोज त्याच्यासमोर चहा प्यायलो. त्या काळात तुम्ही मला एकदा, नुसतं एकदा, टाकून बोलला असतात तर मी कबूल केलं असतं. असं मी स्वतःला सांगतो. खरं-खोटं देव जाणे. बदलीच्या दिवशी तुम्ही माझी ट्रंक गाडीवर चढवली आणि म्हणालात, "टाच ती न्हाई, सायेब. ध्यानात ठेवा." मी हसलो, आणि जे बोलायचं होतं ते तसंच गिळलं.

आता कालचं.

जेवणं उरकली होती. तुमच्या घरामागं सावलीत बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी उठून माझ्याजवळ आली. डोळ्यांत मोतीबिंदू, हातातल्या पांढऱ्या बांगड्या कोपरापर्यंत. "वळखलं का, सायेब? चांदी." बारा वर्षं झाली होती. ती निवांत होती. म्हणाली, "थावरू लई चांगला मानूस व्हता. त्याच्या चुकीनं माझी एक शेळी गेली, तर त्यानं घरचं करडू आनून देलं."

मी म्हणालो, "कुणाच्या चुकीनं?"

"थावरूच्या. ते भितीवरलं चित्र त्यानंच करून घेतलं व्हतं नं, एका बाजूचं. त्यानंच सांगितलं मला. म्हने, सायबाचं काही न्हाई त्याच्यात, माझ्यानंच चुकलं. तांड्यात लोक लई बोलले त्याला. तांड्यात राहून तांड्याच्याच शेळ्या मारतो म्हने. दोन वरसं तांड्यातल्या कोनी त्याला जनावर दाखवलं न्हाई." मग तिनं कुडाच्या पलीकडं हात केला. पाच-सहा शेळ्या बांधल्या होत्या. "ह्या सगळ्या त्याच करडाच्या."

मामा, दोन वर्षं! तुम्ही रोज सकाळी यायचात, झाडायचात, मला चहा आणून द्यायचात. एक अक्षर नाही. असं का केलंत हो? मला वाचवायला? की मी कबूल करायचा नाही हे आधीच ओळखलं होतंत? दुसरं असेल तर ते मला जास्त लागतंय. आणि खरं सांगू? कृतज्ञता वगैरे नंतर वाटली, आधी तुमचा संताप आला. माझी चूक माझ्याकडं ठेवायची होती ना. तुमच्या अंगावर लई जागा होती म्हणून काय सगळ्यांचंच घ्यायचं?

मी तिला सांगितलं. "याडी, ते चित्र माझं होतं. थावरूमामानं मला आधीच सांगितलं होतं एकच बाजू आहे म्हणून. मी ऐकलं नाही. तुम्ही बाजू चुकीची दाखवली नव्हती, तिथं दुसरी नव्हतीच. आणि तुम्ही उशीर पण केला नव्हता. मी खोटं बोललो."

ती माझ्याकडं बघत राहिली. त्या डोळ्यांना किती दिसलं कुणास ठाऊक.

"आता काहून सांगून राहिले, सायेब?"

तुमच्या थोरल्यानं हातातली पत्रावळ खाली ठेवली होती, बाकीची माणसंही ऐकत होती. काहीतरी बोलायचं म्हणून, की खरंच जाणून घ्यायचं म्हणून, मी विचारलं, "नेमकं कुठं होतं ते? मी तर बघितलंच नाही तिला."

तिचा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. ओळखीचं होतं मला ते थांबणं. मी कुडापलीकडच्या शेळीकडं बोट केलं, तर म्हणाली, "हॅट्! जित्या जनावरावर मेल्याचं दुखनं दावतेत का?"

मग मी चपला काढल्या, मामा. तुमच्या अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, तळवे टेकले. तुमच्यासारखी पाठ सरळ राहिली नाही. गुडघे कडकड वाजले, शर्ट पोटावरून सुटला. कुणीतरी एक पोरगी फिस्सकन हसली आणि तिला कुणीतरी दटावलं. मान खाली घातली तेव्हा दोन्ही पायांच्या मधून मला माझ्या टाचा दिसल्या, भुईपासून चांगल्या चार बोटं वर. सांगायला तुम्ही नव्हतात. असतात तरी मानलं नसतंत.

"मी शेळी," मी म्हणालो. "दावा, याडी."

बांगड्या वाजल्या. ती वाकली, आणि तिचा हात माझ्या उजव्या कुशीवर आला. नुसती बोटं नाही, अख्खा तळहात. कोरडा, खरबरीत, गरम.

"हितं," ती म्हणाली. "हितं व्हतं टणक." हात तिनं लगेच काढला नाही. मग पाठीवर एक थाप मारून म्हणाली, "उठा आता. सायेब मानूस, लागंल तुमाला."

"लागू द्या," मी म्हणालो.